फादरसाहेब आणि सिस्टरबाई

"मी तुला खचित सांगतो, ह्या जीपमध्ये तू बसू नये. हिचं मागलं टायर लई पापी हाय."

गंगापूरच्या जीप अड्ड्यावर एका उंच, काटकुळ्या म्हाताऱ्यानं मला हे सांगितलं. अंगात पांढरा शर्ट, खाली ढगळ खाकी पँट, पायात रबरी चपला आणि डोक्यावर उघडी काळी छत्री. पावसाचे दिवस नव्हते. म्हातारा जीपभोवती फिरून एकेका टायरला पायानं ठोकून बघत होता आणि ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात आपटत होता.

"फादर, बसायचं तर बसा, न्हाय तर सोडा. टायरला कामून मारायलाय?"

"मी मारत नाय. मी त्याची परीक्षा पाहतो."

जीप गेली. आम्ही दोघं मागं राहिलो. मी का थांबले कुणास ठाऊक. नोकरीचा पहिला दिवस होता, जिल्हा परिषदेच्या शाळेवर हजर व्हायचं होतं, उशीर करून चालणार नव्हतं. तरी थांबले. बऱ्याच वेळानं एसटी आली. म्हाताऱ्यानं तिच्या टायरकडं नुसतं पाहिलं, मान हलवली आणि मला आधी चढू दिलं.

गाडीत त्यांनी विचारलं, कुठं जाणार. मी गावाचं नाव सांगितलं. ते त्याच गावचे निघाले. राहणार कुठं, म्हणाले. गावात खोली बघीन, मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं एकदा नीट पाहिलं. मग म्हणाले, "बघ. नाय मिळाली तर ये. शाळेच्या मागं चिंच आहे, तिच्याखाली पत्र्याचं घर. कुत्र्याला भिऊ नये."

गावात दोन खोल्या रिकाम्या होत्या. दोन्ही ठिकाणी घरमालकांनी आधी चहा विचारला, मग आडनाव विचारलं. आडनाव सांगितल्यावर एकाकडं त्याच दिवशी पाहुणे यायचे निघाले आणि दुसऱ्याच्या खोलीचं काम काढायचं निघालं. मी शहरात वाढलेली. आमच्या वस्तीत सगळे आम्हीच, त्यामुळं हे मला ऐकून माहीत होतं, पण माझ्या तोंडावर कधी घडलं नव्हतं. संध्याकाळी बॅग घेऊन मी चिंचेखाली गेले. दारात एक ठेंगणी, सावळी बाई उभी होती. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, सुती साडी आणि पायात मुलांचे कॅनव्हासचे बूट. तिनं काही विचारलं नाही. "ती कोपऱ्यातली खोली झाडून ठेवलीया," एवढंच म्हणाली. म्हणजे म्हातारा घरी पोचल्या पोचल्या त्यांनी खोली झाडली होती.

मी त्या खोलीत राहिले ती बदली होईपर्यंत. बरीच वर्षं.

दुसऱ्या दिवशी मी बुद्धाची तसबीर लावायला खिळा ठोकत होते, तर फादरसाहेबांनी हातोडी काढून घेतली. भिंत कच्ची आहे, म्हणाले. खिळा त्यांनीच मारला. मग लांब जाऊन, एक डोळा मिटून, तसबीर सरळ आहे का हे एवढ्या वेळा तपासलं की मला हसू आलं. "डावीकडं, थोडं. अजून थोडं. आता बरोबर." पुढं त्यांच्या कुंपणावरच्या जाईला फुलं आली की ते ओंजळभर माझ्या दारात ठेवून जात. कुणासाठी ते सांगत नसत.

ते दोघं केरळचे. लग्न झाल्या झाल्या मिशननं त्यांना इथं पाठवलं होतं. तेव्हा जिल्हा औरंगाबाद होता आणि गावाला रस्ता नव्हता. ते खरं तर पाळक. फादर लग्न करत नाहीत, हे त्यांनी गावाला पुष्कळ वर्षं समजावून पाहिलं. गावानं ऐकून घेतलं आणि फादरच म्हणत राहिलं. शेवटी त्यांनी नाद सोडला.

त्यांची मराठी हा गावाच्या करमणुकीचा आणि अभिमानाचाही विषय होता. ते मराठी शिकले दोन ठिकाणी, शास्त्राच्या जुन्या भाषांतरातून आणि गोदाकाठच्या धनगरांकडून. त्यामुळं त्यांच्या एकाच वाक्यात स्वर्ग आणि मेंढवाडा दोन्ही असायचे. दूधवाल्याला म्हणायचे, "हे मनुष्या, तू दुधात पाणी कामून टाकायलास?" लाईट गेली की, "आणि अंधकार झाला. डीपी जळाली वाटतं." रागावले की मात्र नुसतं "खचित" एवढाच शब्द निघायचा, पुढचं वाक्य यायचंच नाही.

रविवारी ते उपदेश करत. प्रार्थनेची खोली लहान, बाकं चार. त्यावर बसायला सिस्टरबाई आणि गावाच्या टोकाला एकटीच राहणारी एक म्हातारी, एवढीच मंडळी. पण फादरसाहेब उपदेश असा करायचे की जणू समोर मैदान भरलंय. त्यामुळं बाहेर चिंचेच्या पारावर पंधरा-वीस माणसं रविवारी येऊन बसलेली असत. आत कुणी यायचं नाही. बाहेरून ऐकायचे, मध्येच शंकाही विचारायचे. एकदा त्यांनी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. तो मेंढपाळ बाकीची सगळी मेंढरं रानात सोडून एकट्या हरवलेल्याला शोधायला गेला. पारावरचा एक धनगर उठून खिडकीशी आला.

"फादर, असं कुठं असतंय व्हय? एकापायी बाकीची लांडग्याला घालायची?"

"म्हणून तर तो देव आणि तू मेंढपाळ," फादरसाहेब म्हणाले, आणि आतल्या सिस्टरबाईंपासून बाहेरच्या पारापर्यंत सगळे हसले.

मी एकदा धीर करून विचारलं होतं, "इतक्या वर्षांत तुमच्या धर्मात आले किती?"

"एक."

"ती म्हातारी?"

"म्हातारी चहाला येते. एक म्हणजे मी. तोही अजून पुरता नाय."

सिस्टरबाईंचं काम मात्र डोळ्यांना दिसणारं होतं. त्या शिकलेल्या नर्स. गावात आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर एक अख्खी पिढी त्यांच्या हातावर जन्मली. आता बाया गंगापूरला नाही तर संभाजीनगरला दवाखान्यात जातात, पण मी गेले तेव्हाही अडलेल्या बाईकडं आधी त्यांनाच बोलावत. त्यांची मराठी पुस्तकी नव्हती. ती चुलीपुढून आणि विहिरीवरून आलेली, आणि शिव्यांसकट आलेली.

त्यांचा एक नियम होता. बाळंतपण झालं की त्यातले कपडे नवऱ्यानं धुवायचे. सासूनं नाही, नणंदेनं नाही, पैसे देऊन दुसऱ्या कुणाकडून नाही. स्वतः नवऱ्यानं, भर विहिरीवर. ह्यामुळं सुरुवातीला त्यांना दोन-तीन घरांनी दार बंद केलं होतं म्हणे. एकदा गावच्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरी पहिलं बाळंतपण होतं. मुलगा पंचवीस-सव्वीसचा, दंडात ताईत, बुलेटवर फिरणारा. तो म्हणाला, "मी नाय धुणार. आमच्यात असलं नसतं."

सिस्टरबाई पिशवी उचलून ओट्यावर आल्या आणि बूट घालू लागल्या. आतून बाईचा आवाज येत होता.

"कुठं चालला?" मुलाची आई घाबरून म्हणाली.

"घरी. लेकरू काय माझ्या एकटीचं हाय का?"

"सिस्टरबाई, आवो, आसं नका करू!"

"मग तुमच्या पोराला सांगा."

बूट बांधायला त्यांनी भरपूर वेळ लावला. दुसऱ्या बुटाची गाठ होईस्तो पोरगा कबूल झाला होता. संध्याकाळी तो विहिरीवर बसून कपडे धूत होता आणि गावातली पोरं कठड्यावर रांगेनं बसून बघत होती. हे सगळं मी यायच्या आधीचं. मला सांगितलं ते खुद्द त्यानंच. तो आता सरपंच आहे. "मॅडम," तो म्हणाला, "त्या दिवशी मला लई राग आलता. पण पोरीला हातात घेतली तवा हाताला साबणाचा वास होता. आजूक ध्यानात हाय."

नियमाचं कारण मी सिस्टरबाईंना विचारलं होतं. "ज्याला धुवावं लागतं त्याला परत घाई होत नाय," त्या म्हणाल्या आणि मेथी निवडत राहिल्या.

नवराबायको एकमेकांशी मराठीतच बोलत. मल्याळम फक्त भांडणापुरती उरली होती. आणि भांडण एकच होतं, वर्षातून एकदा, मे महिन्यात. उरलेलं वर्ष ते त्यांना "सिस्टर" म्हणत, त्या त्यांना "अहो" म्हणत. मे लागला की एक दिवस स्वयंपाकघरातून मला न कळणारी, भराभर चालणारी भाषा ऐकू यायची. मग फादरसाहेब छत्री घेऊन नदीकडं निघून जायचे आणि सिस्टरबाई ओट्यावर येऊन बसायच्या. अशाच एका दिवशी त्यांनी मला ते सांगितलं.

त्यांना एक मुलगा होता. सहा वर्षांचा झाला तेव्हा फादरसाहेबांनी त्याला केरळात सिस्टरबाईंच्या बहिणीच्या गावी, तिथल्या शाळेच्या वसतिगृहात ठेवलं. इथं राहिला तर मेंढरं राखत हिंडेल, चांगलं शिकणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याच काळात ते रोज संध्याकाळी चिंचेखाली कंदील लावून गावच्या पोरांना वाचायला शिकवत होते.

"मी नको म्हणले," सिस्टरबाई म्हणाल्या. "लई नको म्हणले. मग गप बसले. गप बसायला नको होतं."

मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत यायचा. ओळखीचं कुणीतरी मनमाडपर्यंत आणायचं आणि हे दोघं त्याला घ्यायला मनमाडला जायचे. मग एका वर्षी त्याच दिवसांत गावात पटकीची साथ आली. घरटी माणूस आडवं झालेलं. सिस्टरबाई वस्त्यांवरून हिंडत होत्या, फादरसाहेब पाणी उकळून घरोघर पोचवत होते. मनमाडला एका ओळखीच्या कुटुंबाला त्यांनी निरोप धाडला, पोराला उतरवून घ्या म्हणून. ते कुटुंब गावाला गेलेलं होतं. निरोप कुणाला मिळालाच नाही. सोबत आणणाऱ्याला पुढं जायचं होतं. त्यानं पोराला बाकावर बसवलं, आईबाबा येतीलच म्हणाला आणि त्याच गाडीनं निघून गेला. पोरगं सकाळपासून दिवस मावळेपर्यंत फलाटावर बसून राहिलं. शेवटी रेल्वेतल्या एका मल्याळी कारकुनानं त्याला घरी नेऊन जेवू घातलं आणि गावात साथ आहे हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या माणसासोबत परतीच्या गाडीत बसवून दिलं.

"त्या साथीत माझ्या हातून गावातलं एकबी लेकरू गेलं नाय," त्या म्हणाल्या. "एक सोडून."

पुढच्या वर्षी मुलानं कळवलं, अभ्यास आहे. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग कुणी बोलावलंही नाही.

मुलाला मी पाहिलं ते सिस्टरबाईंना अर्धांगाचा हलका झटका आला तेव्हा. सरपंचानंच त्यांना गाडीत घालून संभाजीनगरच्या दवाखान्यात नेलं होतं. महिन्याभरात त्या काठी घेऊन चालू लागल्या. तेवढ्यात मुलगा आला. पन्नाशी उलटलेला, इंजिनिअर, वडिलांसारखाच उंच, इस्त्रीचे कपडे. आईवडिलांना केरळात आपल्या घरी घेऊन जायचं ठरवूनच आला होता. लहानपणीची मराठी तो पुरता विसरला होता. आईवडिलांची मल्याळम ऐकताना तो मध्येच थांबून, कपाळाला आठ्या घालून, पुन्हा विचारायचा. त्यांची भाषा ते इथं आले त्या काळातच थांबली होती आणि अर्धे शब्द तर मराठीच होते. माझ्याशी तो हिंदीत बोलायचा, मला बरं पडावं म्हणून सावकाश.

सिस्टरबाई जाणार ही बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण माणसांनी भरलं. बाया, म्हातारे, त्यांच्या हातावर जन्मलेली आणि आता वाळूजला कंपनीत जाणारी पोरं, शिफ्ट बुडवून आलेली. कुणी शेंगा आणल्या, कुणी तूप. सिस्टरबाई ओट्यावर बाजेवर बसल्या होत्या. मुलगा त्यांच्यामागं उभा होता. सरपंच बोलायला उठला.

"सिस्टरबाई म्हंजी ह्या आख्ख्या गावाची आई हाय," तो म्हणाला. "आईला कुणी गावाभायेर नेतंय का? आमी हाव ना. आमी करू त्यांचं सगळं. ह्या सायबाला सांगा, आमची आई आमाला ऱ्हाऊ द्या."

सगळे "व्हय, व्हय" म्हणाले. मुलानं वाकून मला विचारलं, काय म्हणतायत. मी हिंदीत सांगितलं.

तो थोडा वेळ समोरच्या माणसांकडं बघत राहिला. रागानं नाही. एकेका तोंडावरून त्याची नजर फिरत होती. मग तो म्हणाला, "इनसे कहिए, मेरी भी थी."

मी त्याचं मराठी केलं नाही. करायची गरजच नव्हती. सरपंच उभाच राहिला, हात कुठं ठेवावेत ते न कळून.

"बस खाली," सिस्टरबाई त्याला म्हणाल्या. "तो खरं बोलायलाय."

फादरसाहेब दारात उभे होते. ते आत गेले.

दुपारी माझ्या खोलीपर्यंत त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. भांडण होतं, पण ह्या वेळी मराठीत. मला वाटतं मुलाला कळू नये म्हणून.

"मी चालले. तुम्ही चला."

"रविवारची प्रार्थना कोण घेईल?"

"कोण येतंय तुमच्या प्रार्थनेला?"

"म्हातारी येते."

"एका म्हातारीपायी थांबताय," सिस्टरबाई म्हणाल्या. "पोरापायी कधी थांबला नाय तुम्ही."

मग फादरसाहेब म्हणाले, "दिवाळीला येतो. खचित."

मुलगा आईला घेऊन गेला. गाडी निघाली तेव्हा बायकांनी खिडकीतून हात घालून सिस्टरबाईंच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं मोडली. त्या रडल्या नाहीत. मुलाच्या हाताला धरून सरळ समोर बघत बसल्या होत्या.

दिवाळी आली. फादरसाहेब म्हणाले, नाताळ झाला की जातो, नाताळला कंपाउंडमध्ये चांदणी कोण लावणार. नाताळ झाला. मग म्हातारीला ताप आला. दर रविवारी दुपारी मी माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल लावून द्यायची. फादरसाहेब फोन हातभर लांब धरून उपदेशाच्या आवाजात बोलायचे. सिस्टरबाई हसायच्या. सून चांगली आहे म्हणायच्या. घर फार उंचावर आहे, खाली माणसं मुंगळ्यावाणी दिसतात. कुणी ओळखीचं नाही, पण मुलगा ऑफिसातून आला की आधी त्यांच्या खोलीत येतो. "माझ्या हातचा भात खातो," एकदा म्हणाल्या. "एका हातानं करते. कच्चा राहतो. तरी खातो."

मग त्यांना दुसरा झटका आला, मोठा. फादरसाहेबांना मी सांगितलं. ते म्हणाले, येत्या आठवड्यात निघू. त्यांची स्वतःची छाती कफानं धरली होती आणि डॉक्टर प्रवास नको म्हणत होते. आठवडा गेला.

एके दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत मुलाचा फोन आला. त्याचा आवाज वेगळाच येत होता. म्हणाला, आई सकाळपासून बोलते आहे, पण मल्याळम नाही. मल्याळम तिला आता कळतच नाहीसं दिसतं. डॉक्टर म्हणतात, कधी कधी असं होतं. ती काय म्हणते ते मला कळत नाही. माझीच आई, आणि मला कळत नाही. तुम्ही ऐकाल का?

त्यानं फोन त्यांच्या तोंडाशी धरला. मी वर्गाबाहेर गेले आणि दुसऱ्या कानावर हात धरला. आवाज जड होता, शब्द एकमेकांवर पडत होते, पण भाषा आमच्या गावचीच होती.

"अहो, गाडी आली का? मनमाडला कोण गेलंय? लेकरू एकटंच उतरंल. कुणीतरी जा ना. ऊन लई हाय. कुणीतरी जा."

पुन्हा तेच, पुन्हा तेच.

मुलानं विचारलं, "क्या कह रही हैं?"

मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं.

मग तो म्हणाला, "मैं क्या बोलूँ उनको? मराठी में बताइए."

मी त्याला तीन शब्द सांगितले. त्यानं ते दोनदा माझ्याशी घोकून घेतले. मग त्याचा आवाज फोनपासून लांब गेला आणि मी ऐकलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस लहानपणानंतर पहिल्यांदा मराठी बोलत होता, चुकीच्या ठिकाणी जोर देत.

"आलो, आई. उतरलो."

थोड्या वेळानं सिस्टरबाईंचा आवाज आला. आता तो शांत होता.

"लई लेट झाली गाडी," त्या म्हणाल्या.

हेही मी त्याला हिंदीत सांगितलं. तो "जी" म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मी फादरसाहेबांना हे सांगितलं. ते जाईच्या वेलाला दोरी बांधत होते. सगळं ऐकून घेतलं. दोरी हातातच राहिली. मग म्हणाले, "तिकीट काढ. डॉक्टरला सांगू नको."

सरपंच त्यांच्याबरोबर निघाला. एकट्यानं जाऊ देणार नाही म्हणाला. ते गाडीत असतानाच सिस्टरबाई गेल्या. मुलानं मला कळवलं, मी सरपंचाला. पण सरपंचाला ते फादरसाहेबांना सांगण्याचा धीर झाला नाही. स्टेशनवर मुलाचा चेहरा पाहून त्यांचं त्यांनाच कळलं.

परत आल्यावर सरपंच मला म्हणाला, "मॅडम, तिकडं समद्यांनी त्यांच्या भाषेत गाणी म्हणली. मला एक शब्द समजला नाय. पन फादरसायबाकडं बघितलं तर त्यांनलाबी समजत नसंल असं वाटलं. माती टाकताना मी आपला मनात म्हणलो, सिस्टरबाई, मी आलोय बरं का गावाकडून."

फादरसाहेबही त्याच्याबरोबर परत आले. मुलानं राहा म्हटलं होतं. सामान आवरतो आणि येतो, असं सांगून ते निघाले होते. आम्हाला वाटलं, आता काही ते जात नाहीत. रविवारी त्यांनी प्रार्थनेची खोली उघडली, पण उपदेश केला नाही. समोरच्या बाकावर, जिथं सिस्टरबाई बसत, तिथं जाऊन बसले. पारावरची माणसं थोडा वेळ थांबली आणि उठून गेली.

त्या दुपारी मी त्यांना जेवायला बोलावलं. ते भाकरी मोडत होते, खात नव्हते.

"बाई," ते म्हणाले, "देवानं मला इथं बोलावलं होतं, त्यात मला शंका नाय. अजून नाय. त्यानं सांगितलं, जा, म्हणून मी आलो. त्यानं सांगितलं, शिकव, म्हणून शिकवलं." मग हातातला तुकडा ताटात ठेवला. "पण पोराला लांब पाठव, असं त्यानं कधी सांगितलं नव्हतं. मी शास्त्र पुन्हा पुन्हा वाचलं. कुठंच नाय. ते मी माझ्याच मनानं केलं. आणि नाव देवाचं सांगितलं. तिला पण देवाचंच नाव सांगितलं, म्हणून ती गप बसली."

मी म्हटलं, "तुम्ही त्याच्या भल्यासाठीच केलं."

"भलं झालं की," ते म्हणाले. "इंजिनिअर झाला."

त्यांना जायला सांगितलं ते त्या म्हातारीनं. काठी टेकत आली आणि दारातच बसली. "फादर, तुमी माझ्यापायी थांबलाव म्हणून गाव म्हणतंय. ते पाप माझ्यावर घालू नका. मी चहापायी येत व्हते. चहा मला मॅडमबी देती. तुमी जावा पोराकडं."

आणि ते गेले. तुळशीच्या लग्नानंतरच्या त्या थंडीत, एका लहान ट्रंकेत मावेल एवढंच सामान घेऊन. मुलगा न्यायला आला होता. दोघं गाडीत शेजारी बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

पुढच्या वर्षी माझीही बदली झाली. मी आता चितेगावच्या बाजूला असते. गावाकडं क्वचित जाणं होतं. मिशननं कंपाउंडला कुलूप लावलंय, सरपंच अधूनमधून गवत काढून घेतो.

मुलाचा फोन मात्र येतो, महिन्या-दोन महिन्यांनी. कारण काहीतरी मराठी शब्दाचं असतं, वडील अमुक म्हणाले त्याचा अर्थ काय. परवा फोन आला तेव्हा असा काही प्रश्न नव्हता. थोडं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, काल संध्याकाळी बाबांनी मला एक विचारलं. आम्ही बाल्कनीत बसलो होतो. फार बोलत नाही आम्ही, नुसते बसतो. ते अचानक म्हणाले, तू लहान होतास तेव्हा तुला खायला काय आवडायचं?

"मग?" मी विचारलं. "काय सांगितलंत?"

"मैंने बहुत सोचा," तो म्हणाला. "लेकिन मुझे भी याद नहीं आया. और जिससे पूछता, वो तो..."

तो थांबला. फोनमधून लांबवर कुणाच्यातरी खोकल्याचा आवाज येत होता. मग, बाबांची औषधाची वेळ झाली, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.